गिळायचा कॅमेरा : केव्हा घ्यावा, केव्हा घेऊ नये

शेतात राबणाऱ्या माणसाला आपल्या अंगातले रक्त कमी झाले आहे हे लवकर उमगत नाही. बांधावर चढताना दम लागला तर तो म्हणतो, वय झाले. निंदणीला गेलेली बाई दुपारीच थकून बसली तर म्हणते, उन्हाचे दिवस आहेत, थकवा यायचाच. मग केव्हा तरी आरोग्य शिबिरात रक्त तपासले जाते, हिमोग्लोबिन ७ किंवा ८ निघते आणि लोहाच्या गोळ्या सुरू होतात. दोन-तीन महिन्यांत रक्त चढते. गोळ्या संपल्या की चार महिन्यांत पुन्हा उतरते. पुन्हा गोळ्या, पुन्हा तेच.

हौदाला भेग पडली असेल तर पाणी किती ओतावे? रक्त पुन्हा पुन्हा उतरत असेल तर ते जाते कोठे, हे आधी शोधले पाहिजे. स्त्रियांमध्ये मासिक पाळीतील जादा रक्तस्राव हे मोठे कारण असते. त्याची चौकशी प्रथम व्हावी. ते कारण नसेल, किंवा रुग्ण पुरुष असेल, तर बहुधा गळती पोटात असते. काही वेळा ती लहान आतड्यात असते, आणि तेथे पाहणे डॉक्टरांनाही सोपे नसते. त्यासाठी गिळता येईल असा एक छोटा कॅमेरा निघाला आहे. त्याला कॅप्सूल एंडोस्कोपी म्हणतात.

बैतूल, मुलताई, पांढुर्णा या भागातून भोपाळला उपचारासाठी येणाऱ्या आपल्या लोकांच्या कानावर हे नाव आता पडू लागले आहे. त्याबरोबर गैरसमजही पसरतात. कोणी समजतो की ही गोळी घेतली की रोगच बरा होतो. कोणाला वाटते की महागडी तपासणी आहे, म्हणजे तीच पहिली करून घ्यावी. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि दुसरी तर कधी कधी धोक्याची ठरते. म्हणून ही तपासणी काय आहे, ती कोणासाठी आहे आणि तिच्याआधी काय केले पाहिजे, हे नीट समजून घेऊ.

वीस फुटांची अंधारी वाट

आपण खाल्लेले अन्न अन्ननलिकेतून जठरात जाते, तेथून लहान आतड्यात आणि शेवटी मोठ्या आतड्यात. यांतले लहान आतडे सर्वांत लांब, सुमारे ६ मीटर, म्हणजे २० फूट असते. पोटात ते वेटोळे घालून बसलेले असते. अन्नातला कस रक्तात शोषला जातो तो मुख्यतः येथेच. त्यामुळे येथे बिघाड झाला की माणूस खातो, पण अंगी लागत नाही.

पोटाची दुर्बिणीने तपासणी आता आपल्याला परिचयाची आहे. तोंडातून घातलेली नळी जठर ओलांडून लहान आतड्याच्या पहिल्या भागापर्यंत पोहोचते. गुदद्वारातून घातलेली नळी सारे मोठे आतडे पाहून लहान आतड्याच्या शेवटच्या काही इंचांपर्यंत जाते. मधला लांबलचक भाग दोन्ही नळ्यांना दिसत नाही. बोअरचे पाणी अचानक कमी झाले की आजकाल आपण दोरीला कॅमेरा बांधून आत सोडतो आणि केसिंग कोठे फुटले ते पाहतो. पण बोअर सरळ असते. वेटोळ्या आतड्यात दोरी चालत नाही. म्हणून दोरी नसलेला कॅमेरा करावा लागला.

कल्पना कोणाची?

गॅव्रिएल इदान हे इस्राएलचे अभियंते. क्षेपणास्त्रांना लक्ष्य दिसावे म्हणून लागणाऱ्या कॅमेऱ्यांवर ते काम करीत. १९८१ च्या सुमारास ते अमेरिकेत बोस्टन येथे असताना त्यांचे शेजारी पोटविकाराचे डॉक्टर होते. लहान आतड्यात पाहता येत नाही, ही अडचण त्यांनी इदान यांना बोलून दाखवली. त्या काळी इतका लहान आणि इतक्या कमी विजेवर चालणारा कॅमेरा मिळणे शक्य नव्हते, म्हणून कल्पना बरीच वर्षे तशीच राहिली. इकडे लंडनमध्ये डॉ. पॉल स्वेन हेही याच प्रश्नामागे लागले होते. पुढे दोघे एकत्र आले. १९९९ मध्ये स्वेन यांनी ही कॅप्सूल स्वतः गिळून पाहिली. २००० च्या मे महिन्यात 'नेचर' या विज्ञानाच्या साप्ताहिकात ही माहिती प्रसिद्ध झाली आणि २००१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वापराला मान्यता दिली. युद्धासाठी शिकलेली विद्या अशी रुग्णांच्या कामी आली.

गोळीत असते काय?

पहिली कॅप्सूल २६ मिलिमीटर लांब आणि ११ मिलिमीटर जाड होती. आजच्याही साधारण तेवढ्याच असतात. वजन ४ ग्रॅमच्या आत. एका टोकाला पारदर्शक घुमट, त्याच्या आत भिंग, प्रकाशासाठी बारीक दिवे, चित्र टिपणारी चकती, घड्याळात असतात तसे दोन सेल आणि चित्रे बाहेर पाठवणारा छोटा प्रक्षेपक, एवढे सारे तीत बसवलेले असते. तीत औषधाचा कणही नसतो. म्हणजे ही गोळी फक्त पाहते, बरे करीत नाही.

गिळल्यावर आतड्याच्या नेहमीच्या हालचालीनेच ती पुढे सरकते. सेकंदाला २ चित्रे धरली तरी ८ तासांत ५७,६०० चित्रे होतात. नव्या कॅप्सूल याहून अधिक चित्रे काढतात. ही चित्रे बिनतारी लहरींनी कमरेच्या पट्ट्यावरील यंत्रात साठतात. नंतर डॉक्टर ती संगणकावर एकामागून एक पाहतात. या पाहण्यालाच तास-दोन तास लागू शकतात. म्हणून अहवाल हातोहात मिळत नाही. त्यासाठी डॉक्टरांच्या मागे घाई लावू नये.

तपासणीचा दिवस

आदल्या दिवशी हलका किंवा पातळ आहार आणि पोट साफ करण्याचे औषध दिले जाते. रात्रभर उपाशी राहायचे असते. लोहाच्या गोळ्या काही दिवस आधीच बंद करायला सांगतात, कारण लोहाने आतड्यात काळा लेप बसतो आणि चित्र दिसत नाही. सकाळी पोटावर पट्ट्या चिकटवून किंवा पट्टा बांधून पाण्याच्या घोटाबरोबर कॅप्सूल गिळायची. साधारण २ तासांनी पाणी आणि ४ तासांनी हलके खाणे चालते. भूल द्यावी लागत नाही, दुखत नाही. माणूस हिंडू-फिरू शकतो. मात्र जड काम करू नये.

कॅप्सूल एक-दोन दिवसांत शौचावाटे बाहेर पडते. ती एकदाच वापरायची असते. ती बाहेर पडली की नाही याकडे लक्ष ठेवावे. उघड्यावर शौचाला जाणाऱ्याने हे दोन-चार दिवस तरी भांड्याची व्यवस्था करावी. बाहेर पडल्याची खात्री नसेल तर एक्स-रे काढून घ्यावा आणि तोपर्यंत एमआरआय तपासणी मुळीच करू नये. त्या यंत्रातील लोहचुंबक फार शक्तिमान असते. हृदयाला पेसमेकर बसवलेल्याने, गर्भवती बाईने आणि गिळताना त्रास होणाऱ्याने ही गोष्ट डॉक्टरांना आधीच सांगावी.

या कॅमेऱ्याने काय दाखवले?

या कॅमेऱ्याने डॉक्टरांना जे शिकवले, त्यातल्या चार गोष्टी शेतकऱ्याच्या घराशी थेट संबंधित आहेत.

पहिली गोष्ट अंकुशकृमीची. जंतांचा हा प्रकार लहान आतड्याला तोंडाने चिकटून रक्त पितो. शौचाची तपासणी अनेकदा करूनही जंत सापडले नाहीत, पण कॅप्सूलच्या चित्रात ते जिवंत वळवळताना दिसले, असे रुग्ण भारतातील डॉक्टरांनीही नोंदवले आहेत. या जंताच्या दोन मुख्य जाती आहेत. त्यातल्या मोठ्या जातीचा एक जंत दिवसाला सुमारे ०.१५ ते ०.२ मिलिलिटर रक्त घालवतो. असे १०० जंत असले तर रोज १५ ते २० मिलिलिटर, म्हणजे तीन-चार चहाचे चमचे रक्त जाते. निरोगी माणसाच्या तेवढ्या रक्तात ७ ते १० मिलिग्रॅम लोह असते. त्यातले काही आतड्यात परत शोषले गेले, तरी जेवणातून आपले शरीर दिवसाला साधारण १ ते २ मिलिग्रॅम लोहच मिळवते. कमाई रुपयाची आणि खर्च पाचाचा, असा हा संसार आहे.

या जंताची अंडी माणसाच्या शौचातून मातीत पडतात. ओलसर, सावलीच्या, उबदार मातीत त्यांतून अळ्या निघतात आणि त्या अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. भाजीचे वाफे, संत्र्याच्या बागेतील आळी, पाटाकाठची माती ही त्यांची आवडती ठिकाणे. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत खाज सुटून पुरळ उठते ते दर वेळी चिखलाने झालेले नसते. २०१५ पासून देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळतात आणि १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी देतात. पण दिवसभर मातीत अनवाणी उभा राहतो तो बाप आणि ती आई या वयात बसत नाहीत. त्यांनी डॉक्टरांना विचारून स्वतः गोळी घेतली पाहिजे. गर्भवतीने पहिल्या तीन महिन्यांत ती घेऊ नये. आणि गोळीहून मोठा उपाय म्हणजे पायांत बूट व घरी संडास.

दुसरी गोष्ट दुखण्यावरच्या गोळ्यांची. कंबर धरली, गुडघे दुखले की दुकानातून डायक्लोफेनॅकची पट्टी आणायची, ही सवय गावोगाव आहे. अशा गोळ्यांनी जठराला जखमा होतात हे पूर्वीपासून माहीत होते. म्हणून त्याबरोबर आम्लपित्ताची गोळी देत. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४० निरोगी माणसांना दोन आठवडे डायक्लोफेनॅक दिले, जोडीला आम्लपित्ताची गोळीही दिली. नंतर कॅप्सूलने पाहिले, तर ४० पैकी २७ जणांच्या लहान आतड्यात नवे बिघाड दिसले. म्हणजे आम्लपित्ताची गोळी जठर सांभाळते, त्यापुढचे आतडे सांभाळत नाही. जनावरांना दिलेल्या याच औषधाने गिधाडांचा नाश झाला म्हणून २००६ मध्ये सरकारने जनावरांसाठी ते बंद केले, हे अनेकांना आठवत असेल. माणसासाठी ते औषध बंद नाही आणि योग्य कारणासाठी ते उपयोगीही आहे; पण डॉक्टरांवाचून महिनोन्‌महिने घेण्याचे ते औषध नव्हे. दुखण्यावरची कोणती गोळी किती दिवस घेतो, हे डॉक्टरांपासून लपवू नये.

तिसरी गोष्ट आतड्याच्या क्षयाची. टीबी केवळ छातीचा नसतो. संध्याकाळी बारीक ताप, वजन घटणे, जेवल्यावर पोटात पीळ पडणे, पोटातून गुडगुड आवाज येणे, ही आतड्याच्या क्षयाची लक्षणे असू शकतात. क्रोन नावाचा दुसरा एक आजार हुबेहूब असाच दिसतो. दोन्हींत आतड्याला व्रण पडतात. कॅप्सूल व्रण दाखवते, पण ती आतड्याचा तुकडा काढून आणू शकत नाही, आणि तुकडा तपासल्यावाचून पुष्कळदा नक्की सांगता येत नाही. हा फरक जिवावरचा आहे. क्षयाला जंतू मारणारी औषधे लागतात. क्रोनसाठी शरीराची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे द्यावी लागतात, आणि क्षय असताना ती दिली तर क्षय भडकतो. आतड्याच्या क्षयावर साधारण ६ महिन्यांचा उपचार असतो आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. तसेच कच्चे दूध पिऊ नये. क्षयी गाई-म्हशींच्या दुधातूनही हा रोग येऊ शकतो; दूध उकळले की ती भीती राहत नाही.

चौथी गोष्ट गव्हाची. सीहोर, विदिशा, रायसेन हा गव्हाचा मुलूख. पण काही माणसांच्या आतड्याला गव्हातील ग्लूटेन हा चिकट अंश सोसत नाही. त्यामुळे लहान आतड्याच्या अस्तरावरील मखमलीसारखे तंतू झिजतात आणि अन्न शोषले जात नाही. या आजाराला सिलिॲक म्हणतात. दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी राजधानी परिसरात केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत साधारण ९६ माणसांत एकाला तो आढळला. मूल खुजे राहते, वारंवार जुलाब होतात, किंवा जुलाब मुळीच नसतात आणि केवळ रक्त कमी राहते. याचे निदान बहुधा कॅप्सूलवाचून होते : रक्ताची एक तपासणी आणि तोंडातून दुर्बीण घालून काढलेला आतड्याचा तुकडा एवढे पुरते. मात्र तपासणीआधी आपल्या मनाने गहू सोडू नये. सोडला तर आतडे सुधारू लागते आणि रोग पकडता येत नाही.

निदान पक्के झाल्यावर गहू आणि जव जन्मभर सोडावे लागतात. ज्वारी, बाजरी, मका, तांदूळ, नाचणी, कोदो-कुटकी सारे चालते; म्हणजे आजीच्या चुलीवरची भाकरीच औषध ठरते. फक्त गव्हाच्या पाठोपाठ त्याच चक्कीवर दळू नये. घरच्या जात्यावर किंवा वेगळ्या चक्कीवर दळावे. अशा रुग्णाच्या मनात मिस्सातील भाकरीविषयी प्रश्न येतोच. पूर्णपणे ग्लूटेनविरहित भाकर मिस्सासाठी चालत नाही. पण अगदी अल्प ग्लूटेन असलेली भाकर बिशपांच्या परवानगीने वापरता येते, किंवा केवळ द्राक्षारसाच्या रूपात ख्रिस्तप्रसाद घेता येतो. २००३ मध्ये रोमहून आलेल्या पत्रात हे स्पष्ट केलेले आहे. यात संकोच धरू नये. आपल्या धर्मगुरूंशी आधी बोलून ठेवावे.

अडकली तर?

या तपासणीचा मुख्य धोका एकच : कॅप्सूल आतड्यात अडकणे. सर्वसाधारण रुग्णांत हे शंभरांत एखाद-दुसऱ्याचेच होते. पण ज्याच्या आतड्याची वाट अरुंद झाली आहे त्याला धोका पुष्कळ वाढतो. आपल्या देशात वाट अरुंद करणारे मोठे कारण म्हणजे तोच आतड्याचा क्षय. पाटात आधीच गाळ साचला असेल तर वाहत आलेला ओंडका तेथेच अडतो, तसे हे आहे. अडकलेली कॅप्सूल काढण्यासाठी कधी लांब दुर्बीण, तर कधी शस्त्रक्रिया लागते.

म्हणून जेवल्यावर पोट फुगून पीळ पडणे, उलटीने बरे वाटणे, पूर्वी पोटाची शस्त्रक्रिया झालेली असणे किंवा पोटावर किरणांचा उपचार झालेला असणे, यांपैकी काहीही असेल तर न विचारता स्वतः होऊन सांगावे. अशा वेळी डॉक्टर आधी सीटी स्कॅन करून वाट मोकळी आहे का ते पाहतात, किंवा त्याच आकाराची विरघळणारी नकली कॅप्सूल देऊन खात्री करतात. 'साहेब, पैशाची काळजी करू नका, कॅमेराच करा,' असा आग्रह अशा रुग्णाच्या नातेवाइकांनी कधीही धरू नये.

पायरी पायरीने जावे

१. रक्ताची पूर्ण तपासणी, आणि लोह खरोखर कमी आहे का याची तपासणी.

२. शौचाची तपासणी, तीही एकदा नव्हे तर दोन-तीन वेळा वेगवेगळ्या दिवशी. आणि जंताचे औषध.

३. चालू असलेल्या सर्व गोळ्या, पुड्या व काढे डॉक्टरांना दाखवणे.

४. सिलिॲकसाठी रक्ततपासणी, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी.

५. तोंडातून आणि गुदद्वारातून दुर्बीण; गरज पडल्यास सीटी स्कॅन.

६. एवढे करूनही गळती सापडली नाही, तरच कॅप्सूल.

पहिल्या चार पायऱ्यांतील बऱ्याच गोष्टी जिल्हा रुग्णालयातही होतात आणि बहुतेकांचे दुखणे वरच्या पायऱ्यांपर्यंत जाण्याआधीच सापडते. भोपाळला हमीदिया, एम्स किंवा अन्य मोठ्या रुग्णालयात जाताना आधीचे सर्व कागद तारखेप्रमाणे लावून न्यावेत, म्हणजे त्याच तपासण्या पुन्हा कराव्या लागत नाहीत. कॅप्सूलची सोय तेथे आहे का, नसेल तर कोठे आहे, हे पोटविकार विभागातच विचारावे. दलालाला विचारू नये. खासगी ठिकाणी या तपासणीचा खर्च सहज २५-३० हजारांवर जातो. आयुष्मान कार्डावर कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत दाखल रुग्णाचा उपचार होतो. पण दाखल न होता केलेल्या तपासणीला ते लागू पडेलच असे नाही. म्हणून पैसे भरण्याआधी कार्डाच्या खिडकीवर चौकशी करावी. केवळ या तपासणीसाठी बैलजोडी विकण्याआधी दुसऱ्या एका डॉक्टरांचे मत घ्यावे.

शेवटी एक सूचना. लोहाच्या गोळ्यांनी शौचाचा रंग काळसर होतो. त्याला भिऊ नये. पण डांबरासारखी काळी, चिकट आणि घाण वासाची शौच झाली, किंवा लाल रक्त पडले, चक्कर आली, पोट फुगून उलट्या सुरू झाल्या, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आणि ज्याचे रक्त वर्षात दोनदा उतरले, त्याने तिसऱ्यांदा गोळ्यांची पट्टी आणण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारावे : 'माझे रक्त जाते कोठे?' पुष्कळांना याचे उत्तर कॅमेऱ्यावाचूनच मिळते. ज्यांना मिळत नाही, त्यांच्यासाठी हा कॅमेरा आहे.